कोशिंबीर आणि घुगऱ्या

उन्हाळ्याचे तीन महिने आमच्या गावाचे नाव जवळजवळ रोज वर्तमानपत्रात येते. शहराचे तापमान म्हणून जो आकडा छापला जातो, तो चिकलठाण्याच्या वेधशाळेत नोंदवलेला असतो. जालना रस्त्यावरचे विमानतळ, औद्योगिक वसाहतीतील कारखाने, पावसाळा सोडला तर कोरडी असणारी सुखना आणि या सगळ्यांच्या मध्ये कसेबसे तग धरून राहिलेले जुने गाव अशी आमच्या चिकलठाण्याची आजची ओळख. नावात चिखल ऐकू येतो, पण वैशाखात इथे पायाखाली जे असते त्याला चिखल म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. सकाळी चहाबरोबर आदल्या दिवशीचा आकडा वाचायचा आणि तो आपण प्रत्यक्ष भोगलेला आहे या जाणिवेने पान उलटायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे.

आमचे मोठे सणही नेमके याच दिवसांत येतात. पाडवा, रामनवमी, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, चौदा एप्रिलची जयंती, आणि मग अक्षय्य तृतीया. त्यांतली अक्षय्य तृतीया आमच्या घरी सर्वांत मोठी, कारण ती पितरांची. त्या दिवशी मातीच्या नव्या घड्यात पाणी भरून ते गेलेल्यांच्या नावाने पुजायचे, पान वाढायचे आणि त्यानंतरच घरातल्यांनी आंब्याला हात लावायचा, असा आमच्याकडचा शिरस्ता. पानात पुरणपोळी, आमरस, कुरडई, भजी, कटाची आमटी, वरणभात. बाहेर पारा चाळिशीच्या आसपास असताना दुपारी एक वाजता हे जेवण जेवायचे आणि नंतर पंख्याखाली निपचित पडून राहायचे. पितरांचे काय होत असेल ते माहीत नाही, जिवंत माणसांचे मात्र हाल होतात.

2025 साली अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला आली. तिच्या महिनाभर आधीच आम्ही दोघांनी ठरवले होते की यंदाच्या जेवणात काहीतरी फेरफार करायचा. निमित्त आईंचे. त्यांचे वय त्र्याहत्तर. गेली अकरा वर्षे त्यांना मधुमेह आहे. आदल्या वर्षी याच सणाला दोन पुरणपोळ्या आणि वाटीभर रस घेतल्यावर त्यांची साखर इतकी वाढली होती की रात्री दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरांनी गोड बंद करा असे सांगितले नाही. ते शहाणे गृहस्थ आहेत. पोट आधी दुसऱ्या कशाने तरी भरू द्या, मग अर्धी पोळी पुरेल, एवढेच ते म्हणाले. हे दुसरे काहीतरी कोणते, हा आमच्यापुढचा प्रश्न होता.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वीस वर्षांच्या अध्यापनाने जडलेला एक दोष असा, की स्वयंपाकघरातला प्रश्नसुद्धा आम्ही प्रथम पुस्तकांच्या कपाटापाशी नेतो. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ 1970 साली प्रथम प्रसिद्ध झाले. आमच्याकडे त्याची तेलाचे डाग पडलेली, पाने सुटलेली एक जुनी प्रत आहे. ती काढून बसलो. कोशिंबिरींचे प्रकरण वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, जी खरे तर लहानपणापासून आपल्या डोळ्यांसमोर वाढलेली असते. मराठी पानात कोशिंबीर डाव्या बाजूला असते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे यांच्या पंगतीत ती बसते. ती तोंडी लावण्यासाठी. पोट भरण्याचे काम तिच्याकडे कधी सोपवलेलेच नाही. उजवी बाजू आणि मध्यभाग हे पोटाचे, डावी बाजू जिभेची. ज्याला आजकाल सगळेच ‘सॅलड’ म्हणतात आणि ज्याने एक वेळचे जेवण भागते असे मानतात, त्या पदार्थाला आपल्या पानाच्या व्याकरणात जागा नाही.

पण नियम सांगितला की अपवाद आठवतातच. पहिला अपवाद चैत्रगौरीची वाटली डाळ, जिला आंबेडाळही म्हणतात. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, जाडसर वाटायची, तीत कैरीचा कीस, हिरवी मिरची, ओले खोबरे, मीठ, किंचित साखर घालायची आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरी आलेल्या गौरीपुढे हीच डाळ आणि पन्हे असते, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरली जाते. म्हणजे धान्य भिजवून, न शिजवता, आंबट फळाशी मिसळून उन्हाळ्यात खाण्याची रीत आपल्याकडे पुरातन आहे. दुसरा अपवाद भिजवलेल्या मुगाच्या डाळीची काकडी घालून केलेली कोशिंबीर. कर्नाटकात रामनवमीला हीच ‘कोसंबरी’ म्हणून वाटतात. कोशिंबीर आणि कोसंबरी ही दोन नावे शेजारी शेजारी उच्चारली की नाते सांगावे लागत नाही. सीमेच्या अलीकडे ती केवळ भाज्यांची झाली आणि पलीकडे डाळीची राहिली. आम्हाला एवढा पूर्वाधार पुरेसा वाटला. धान्याची कोशिंबीर ही परदेशी कल्पना नाही, अशी आपल्या मनाची समजूत घालून आम्ही कामाला लागलो.

धान्य कोणते, याविषयी फार विचार करावा लागला नाही. मराठवाड्यात राहून ज्वारीखेरीज दुसरे नाव सुचणे कठीण. तिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तितकेच तंतू असतात. गव्हातले ग्लुटेन तिच्यात नसते. आणि अख्खी शिजवली तर ती पिठापेक्षा सावकाश पचते. अर्थात तिच्यात पिष्टही भरपूर असते, त्यामुळे मधुमेह्याने ती कितीही खावी असे नाही. वाटीभर ज्वारीने पोळीची भूक अर्धी व्हावी, एवढीच आमची अपेक्षा होती.

जाधववाडीच्या मोंढ्यात ज्वारी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारले, दळायलाच ना? अख्खी शिजवायची आहे म्हटल्यावर त्याने आमच्याकडे जरा निरखून पाहिले. मग आतून मालदांडी काढून दिली. मोत्यासारखा टपोरा, गोल, किंचित पिवळसर दाणा. मालदांडी 35-1 हे वाण स्वातंत्र्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडले गेले आणि इतक्या वर्षांनंतरही रब्बीच्या कोरडवाहू शेतात त्याला तोड नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या दगडी ज्वारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचीही चौकशी केली, पण त्या दिवशी ती दुकानात नव्हती. दुकानदाराच्या फळीवर मात्र एक गुळगुळीत पाकीट होते आणि त्यावर ‘श्रीअन्न’ असे छापलेले होते.

भाषेच्या माणसाने या शब्दापाशी थबकू नये तर कोणी थबकावे? ज्वारी, बाजरी, नाचणी यांना आपल्या सरकारी आणि शेतकी मराठीत ‘भरडधान्य’ म्हणत आले. भरड म्हणजे जाडेभरडे. कपडा असो, बोलणे असो की धान्य, या विशेषणात एक उतरंड दडलेली आहे. 2018 साली केंद्र सरकारने त्यांना ‘पोषक धान्य’ म्हणायचे ठरवले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ हे नवे नाव आले. पाच वर्षांत भरडाचे श्री झाले. दरम्यान मराठवाड्यातल्या खरिपाच्या शेतातून ज्वारी जवळजवळ निघून गेली होती आणि तिच्या जागी सोयाबीन आले होते. ज्या घरांतून भाकरी रोजची होती तिथे गव्हाची पोळी आली, आणि ज्या घरांतून भाकरी कधीच रोजची नव्हती तिथे ती आरोग्याच्या नावाने आली. आम्ही यांपैकी कोणत्या घरात मोडतो, हे आम्हाला त्या दिवशी तरी स्पष्ट नव्हते. आम्ही साधी, सुटी, श्री न लागलेली दोन किलो ज्वारी घेऊन आलो.

पहिला प्रयोग फसला. चार तास भिजवून, कुकरच्या सहा शिट्ट्या करून ज्वारी बाहेर काढली तर ती दाताखाली कचकच वाजत होती. आईंच्या कवळीपुढे असा दाणा ठेवणे म्हणजे त्यांची थट्टा झाली असती. दुसऱ्या वेळी आम्ही अधिक हुशारी केली. मटकीला मोड आणतो तसे ज्वारीला आणावेत, म्हणजे ती मऊही होईल आणि पौष्टिकही, असे वाटून ती भिजवून फडक्यात बांधून ठेवली. उन्हाळ्यात मोड लवकर येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी फडके उघडून पाहिले आणि ते तसेच उचलून बाहेर नेले.

“हे काय करायलात तुम्ही? कोवळी ज्वारी खाऊन गुरं मरतात, ठावं न्हाई का? पोटरीच्या आतली ज्वारी जनावराच्या तोंडाला लागू देत नसतात.”

आम्हाला ठाऊक नव्हते. नंतर वाचून पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरीन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. वाळल्या दाण्यात ते नगण्य असते, पण मोड आला की वाढू लागते. हरभरा, मूग, मटकी यांचा न्याय ज्वारीला लागू नाही. पौष्टिकतेच्या उत्साहात ज्यांना कच्च्या मोडांची हौस आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. दोन पदव्युत्तर पदव्या आणि एक विद्यावाचस्पती पदवी असलेल्या घरात ही गोष्ट फक्त चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंना माहीत होती, हेही नोंदवणे भाग आहे.

तिसऱ्या वेळी जमले. ज्यांना करून पाहायची असेल त्यांच्यासाठी रीत सांगतो. आठ माणसांना दोन वाट्या ज्वारी. ती निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर, म्हणजे निदान बारा तास भिजवायची. उन्हाळ्यात पाणी लवकर आंबते म्हणून ते मध्ये एकदा बदलायचे, आणि शक्य असल्यास भांडे फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी ताज्या सहा वाट्या पाण्यात ती कुकरला लावायची. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून अर्धा तास. कुकर आपोआप निवू द्यायचा. दाणा बोटांत दाबला असता चेपला पाहिजे, पण फुटता कामा नये. पाणी गाळून घ्यायचे. ते फेकू नये, ताक आणि जिरे घालून प्यावे. ज्वारी सुती फडक्यावर पसरून पंख्याखाली पूर्ण गार करायची. तोवर दोन चमचे करडईचे तेल तापवून त्यात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता आणि दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे घालून फोडणी करायची आणि तीही निवू द्यायची. मग दोन काकड्या चोचवून, एका मध्यम कैरीचा कीस, मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना, अर्धी वाटी दाण्याचे कूट. पितरांच्या पानासाठी असल्याने कांदा नाही. मीठ अगदी वाढायच्या वेळी, नाहीतर काकडीला पाणी सुटते. हवे त्याने वरून दही घ्यावे. शिजवलेले धान्य या हवेत दोन-तीन तासांत विटते, तेव्हा केलेली कोशिंबीर बाहेर ठेवून कौतुक करत बसू नये.

दोन वाट्या ज्वारीच्या शिजून पाच वाट्यांहून अधिक झाल्या. अख्खे धान्य शिजवले की किती फुगते, थोड्यात किती जणांचे भागते, असे आम्ही मोठ्या समाधानाने एकमेकांना सांगत होतो. सणाच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ होती. आई ओट्यापाशी उभ्या राहून फडक्यावर पसरलेल्या ज्वारीकडे पाहत होत्या. त्यांनी चार दाणे उचलून तोंडात टाकले, बराच वेळ चघळले.

“चांगल्या शिजल्यात घुगऱ्या,” त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून विचारले, “परवा ह्या पितराच्या पानात वाढणार का काय?”

हो, असे आम्ही म्हटले. त्या काही न बोलता आत गेल्या.

घुगऱ्या हा शब्द आम्हाला सुचला नव्हता याचे आता आश्चर्य वाटते. अख्खे धान्य नुसते शिजवले की त्याच्या घुगऱ्या होतात, हे मराठी जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. बारशाला घुगऱ्या वाटतात. वयाने लहान माणूस फार शहाणपणा करू लागला की तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या आहेत मी, असे त्याला ऐकवतात. जन्माच्या वेळी वाटले जाणारे हे अन्न मरणाच्या पानात नको, असा काही संकेत असावा, अशी आमची पहिली अटकळ. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर आम्ही आईंना तसे विचारले. त्या हसल्या. संकेत वगैरे काही नसतो, म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितले ते आमच्यापैकी एकाने, त्यांच्या पोटच्या मुलाने, छेचाळीस वर्षांत कधी ऐकले नव्हते.

आई 1969 साली लग्न होऊन या घरात आल्या. तेव्हा घराची कोरडवाहू जमीन होती. आज ती नाही. 1972 च्या दुष्काळात त्यांचे वय वीस. त्या दुष्काळाविषयी आम्ही वर्गात बोलतो. रेशनवर आलेला अमेरिकेचा लालसर मिलो, सुकडी, खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे, वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली आणि पुढे कायद्याचे रूप घेतलेली रोजगार हमी, हे सारे ग्रामीण साहित्याची पार्श्वभूमी म्हणून सांगतो. विद्यार्थ्यांना मिलो म्हणजे काय ते माहीत नसते, आणि आम्हालाही ते पुस्तकातूनच माहीत. आई स्वतः खडी फोडायला जात होत्या, हे माहीत होते. मिलोची भाकरी थापताना तुटायची, हेही त्यांनी कधीतरी सांगितले होते. मात्र या गोष्टी त्या नेहमी गमतीने सांगत, आणि आम्ही त्या गमतीनेच ऐकत आलो होतो.

त्या वर्षी एकदा कामावरची मजुरी हाती यायला उशीर झाला. रेशनचा मिलो संपला होता. घरात नऊ माणसे. उतरंडीच्या तळाच्या गाडग्यात, कडुनिंबाचा पाला आणि राख घालून, पेरणीसाठी राखलेली ज्वारी होती. बियाण्याला हात लावायचा नाही, हा शेतकऱ्याच्या घरचा पहिला धडा. आईंच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, ते गाडगे स्वतः खाली काढले. सर्वांत धाकटी सून म्हणून चूल आईंकडे होती. त्यांनी जाते पुसायला घेतले तेव्हा आजोबा म्हणाले, दळू नको, तशीच शिजव. दळली तर कमी होईल, शिजवली तर फुगेल.

“तीन दिवस घुगऱ्या शिजवल्या मी,” आई म्हणाल्या. “मीठ घालून. मामंजी पंगतीला बसायचे न्हाईत. समद्यांचं झालं की वाटीतलं पाणी प्यायचे, घुगऱ्यांचं. मला म्हणायचे, पोरी, आपण बी खाल्लं. बास, एवढंच म्हणायचे. पुढच्या साली बी उसनं आणून पेरलं त्यांनी. आणि तुम्ही त्यांच्याच पानात घुगऱ्या वाढा म्हणता.”

आम्ही गप्प राहिलो. आदल्या दिवशी ओट्याशी उभे राहून आम्ही जे वाक्य समाधानाने बोललो होतो, तेच वाक्य पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी याच घरात दुसऱ्या कोणीतरी बोलले होते. थोड्या धान्यात पोट भरावे हा आमचा हेतू आणि तोच त्यांचाही. आम्हाला जेवण कमी करायचे होते, कारण ते जास्त होते. त्यांनी केले, कारण ते नव्हते. गाळलेले पाणी ताक घालून प्यावे, ही आमच्या रीतीतली एक पौष्टिक सूचना आजोबांच्या वाट्याला कशी आली होती, ते ऐकल्यावर ती सूचना लिहिताना हात अडखळतो. तरीही वर लिहिली आहे, कारण पाणी फेकणे त्यांनाही आवडले नसते.

त्या रात्री आमच्या दोघांत मतभेद झाला. तो इथे जसाच्या तसा मांडतो, कारण त्याचा निवाडा अजून झालेला नाही. एकाचे म्हणणे, ही कोशिंबीर सणाला करूच नये. आईंच्या मनात जी गोष्ट इतकी वर्षे बंद होती ती आपण आपल्या हौसेपायी उघडली. आता तिच्यावर काकडी आणि कैरी पसरून ती सणाची करणे हा शुद्ध असंस्कृतपणा आहे. गरिबीतून सुटलेल्या माणसाने सणाला पुरणपोळी मागितली तर ती केवळ जिभेची मागणी नसते. आपण त्यातून बाहेर पडलो याची ती खूण असते. आपण तिच्या हातातली ती खूण काढून घेतो आणि म्हणतो, हे घ्या, हेच पौष्टिक.

दुसऱ्याचे म्हणणे निराळे. आईंची साखर वाढते हे सत्य आहे, आणि ते 1972 च्या सत्याइतकेच खरे आहे. दारिद्र्याशी जोडले गेले म्हणून एखादे अन्न कायमचे विटाळले असे मानले तर मग ज्वारीला भरड म्हणणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय? आपण ग्रामीण कथा शिकवतो. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ शिकवताना पिकवणाऱ्याच्या हातून पिकलेल्याची माती का होते ते मुलांना समजावतो. त्या वेळी अन्नाचा दोष नसतो, हे आपल्याला कळते. मग इथे का कळू नये? शिवाय आईंनी ज्वारी चाखली तेव्हा त्यांचे पहिले शब्द काय होते? चांगल्या शिजल्यात, हे. ते विसरता येणार नाही.

कोणाचे म्हणणे कोणाचे होते, हे सांगण्याची गरज नाही. पहाटेपर्यंत ते एकदा अदलाबदलही झाले होते. शेवटी ठरले ते एवढेच, की आईंना विचारायचे आणि त्या म्हणतील तसे करायचे. इतकी साधी गोष्ट सुचायला इतका वेळ लागावा, हे आमच्या विद्वत्तेला शोभण्यासारखेच होते.

सणाच्या सकाळी आई आमच्या आधी उठल्या होत्या. कुंभाराकडून आणलेले दोन घडे धुऊन, पाण्याने भरून ठेवले होते. दरवर्षी घडे गव्हाच्या राशीवर ठेवतात. आम्ही गव्हाचा डबा पुढे केला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला.

“ती ज्वारी उरली का, मोंढ्यातली?”

उरली होती. दीड किलोच्या वर असेल.

“ती आणा. कच्ची. भिजवलेली नको, शिजवलेली नको.”

त्यांनी पाटावर ज्वारीची रास केली, तळहाताने मध्ये खळगा केला आणि त्यात आजोबांच्या नावाचा घडा बसवला. दुसऱ्या घड्याखाली गहू घातले. घड्यांवर खरबूज ठेवले, हळदकुंकू वाहिले, नमस्कार केला. पानात पुरणपोळी, रस, कुरडई, सगळे दरवर्षीप्रमाणे वाढले. कोशिंबीर त्या पानात वाढली नाही. आम्ही विचारण्यापूर्वीच त्यांनी सांगून टाकले, “त्यांना नको. आपण खाऊ.”

आणि खाल्ली. डाव्या बाजूला नव्हे, ताटाच्या मधोमध, भात जिथे वाढतात तिथे. दोन डाव. वर दही घेतले. कैरी थोडी अधिक हवी होती, असे म्हणाल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मग अर्धी पुरणपोळी, तूप घेऊन, आणि दोन चमचे रस. उरलेली अर्धी पोळी त्यांनी मागितली नाही, पण तिच्याकडे एकदा पाहिले, हेही आम्हाला दिसले. त्या रात्री दवाखान्यात जावे लागले नाही. एका दिवसावरून पदार्थाचे गुण ठरवणे योग्य नव्हे, म्हणून याहून अधिक दावा आम्ही करत नाही. नातीने मात्र कोशिंबीर दोनदा घेतली आणि तिला नाव काय, असे विचारले. आम्ही म्हटले, ज्वारीची कोशिंबीर. आई म्हणाल्या, घुगऱ्या.

घड्याखालच्या धान्याचे दरवर्षी काही ना काही होते. गहू दळणात जातात किंवा कोणाला तरी दिले जातात. त्या ज्वारीचे काय करायचे, हे आम्ही दुसऱ्या दिवशी विचारायला गेलो तेव्हा ती तिथे नव्हती. दोन दिवसांनी कोठीच्या खोलीतल्या वरच्या फळीवर एक नवे गाडगे दिसले. तोंडाला फडके बांधलेले. फडक्याच्या कडेने कडुनिंबाची दोन पाने बाहेर आली होती. आम्हाला आता शेत नाही, पेरायला जागा नाही, आणि ती ज्वारी मोंढ्यातली, तिला बियाणे म्हणावे की नाही तेही सांगता येत नाही. आम्ही फडके सोडून पाहिलेले नाही.

त्यानंतर उन्हाळाभर ती कोशिंबीर आमच्याकडे चार-पाच वेळा झाली. कैरी वाढवली आहे. दर वेळी आई आदल्या रात्री आठवण करतात, ज्वारी भिजत घातली का म्हणून. डब्यातली घ्या, असेही सांगतात.